चर्चेची किंमत कोण मोजतं?

"दोन्ही बाजू ऐकून घ्यायला काय हरकत आहे?"

हा प्रश्न इतका समंजस वाटतो, की त्याला नकार देणारा माणूस आपोआप हट्टी ठरतो. वंशभेदाबद्दलच्या जवळजवळ प्रत्येक व्हिडिओखाली तो सापडतो. त्याच्याखाली त्याचं ठरलेलं उत्तरही सापडतं: "माझं माणूसपण हा चर्चेचा विषय नाही." पहिलं वाक्य वाचलं की ते पटतं. दुसरं वाचलं की तेही पटतं. मग आपण स्क्रोल करत पुढे जातो, कारण दोन पटणारी वाक्यं समोरासमोर उभी राहिली तर काय करायचं, हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांच्या लढ्यात या दोन वाक्यांचा सामना वारंवार झाला. तिथे चर्चा दडपली गेली, ताणली गेली, विकृत केली गेली आणि कधीकधी जिंकलीही गेली. म्हणून उत्तर शोधायला तिकडे जाऊ. सुरुवात एका तारखेपासून करू: १८ फेब्रुवारी १९६५.

एक सभागृह

त्या संध्याकाळी इंग्लंडमधल्या केंब्रिज युनियनचं सभागृह खच्चून भरलं होतं. जागा न मिळालेले विद्यार्थी जमिनीवर बसले होते. वादाचा विषय होता, 'अमेरिकन ड्रीम' हे अमेरिकन निग्रोंच्या जिवावर उभं आहे का. (निग्रो हा तेव्हाचा रूढ शब्द. आज तो अपमानकारक मानला जातो.) ठरावाच्या बाजूने लेखक जेम्स बाल्डविन बोलणार होता. हार्लेममध्ये, गरिबीत, नऊ भावंडांतला थोरला म्हणून वाढलेला, कॉलेजची पायरी न चढलेला. विरोधात होता विल्यम बकली. येलमध्ये शिकलेला, 'नॅशनल रिव्ह्यू' या नियतकालिकाचा संस्थापक, अमेरिकन उजव्या विचाराचा सगळ्यांत हजरजबाबी आवाज. त्याच्या नियतकालिकाने १९५७ मध्ये संपादकीय लिहून सांगितलं होतं की दक्षिणेत गोरे संख्येने कमी असतील तिथेही सत्ता त्यांच्याच हाती राहायला हवी, कारण तूर्तास तेच अधिक पुढारलेले आहेत.

बाल्डविन बोलला तो आकडेवारी घेऊन नाही. गुलामीतल्या पिढ्यांबद्दल बोलताना त्याने 'ते' म्हणायचं सोडून 'मी' म्हटलं. कापूस मी वेचला, तो बाजारात मी नेला, रेल्वे मी बांधली, दुसऱ्याच्या चाबकाखाली आणि फुकट, अशा अर्थाचं तो सांगत गेला. भाषण संपलं तेव्हा सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं. बकलीने सुरुवातीलाच जाहीर केलं की बाल्डविन निग्रो आहे म्हणून त्याला जी सवलत मिळते ती मी देणार नाही, एखाद्या गोऱ्याशी वाद घालावा तसाच घालीन. पुढे श्रोत्यांतून कुणीतरी मिसिसिपीतल्या मतदानाबद्दल टोकलं. त्यावर बकलीने उत्तर दिलं, की तिथली अडचण पुरेसे निग्रो मतदान करत नाहीत ही नाहीच. गरजेपेक्षा जास्त गोरे मतदान करतात, ही आहे. सभागृहात हशा पिकला. कोटी खरंच हुशारीची होती.

मतं मोजली गेली. बाल्डविनच्या बाजूने ५४४, विरोधात १६४. बीबीसीने हा वाद चित्रित केला आणि आजही तो यूट्यूबवर पाहता येतो. खुल्या चर्चेवर विश्वास ठेवायचा असेल तर याहून सुंदर पुरावा मिळणं कठीण. सत्य बोललं गेलं, असत्याला पूर्ण वेळ मिळाला, आणि ऐकणाऱ्यांनी नीट निवड केली.

त्याच तारखेचा एक रस्ता

त्याच दिवशी, काही तासांनी, अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मॅरियन या छोट्या गावात अंधार पडला. एका चर्चमधून काहीशे माणसं बाहेर पडली. मताधिकाराच्या चळवळीतला एक कार्यकर्ता जवळच्या तुरुंगात होता. तिथपर्यंत चालत जायचं, गाणी म्हणायची आणि परत यायचं, एवढाच बेत होता. मोर्चा थोडा पुढे गेला आणि रस्त्यावरचे दिवे गेले. अंधारात पोलीस आणि राज्याचे सशस्त्र शिपाई लाठ्या घेऊन तुटून पडले. वार्तांकनाला आलेल्या पत्रकारांनाही मारहाण झाली. एनबीसीच्या एका बातमीदाराचं डोकं फुटलं.

जिमी ली जॅक्सन तेव्हा २६ वर्षांचा होता. चर्चचा डीकन. मतदार म्हणून नोंदणी व्हावी म्हणून त्याने अनेकदा अर्ज केले होते, दर वेळी नकार मिळाला होता. त्या रात्री आई आणि ८२ वर्षांचे आजोबा यांच्यासह तो एका कॅफेत शिरला. शिपाई मागोमाग आत आले. त्या झटापटीत एका शिपायाने त्याच्या पोटात गोळी घातली. आठ दिवसांनी, २६ फेब्रुवारीला, तो गेला. गोळी घालणाऱ्या शिपायाला शिक्षा झाली ती २०१० मध्ये, पंचेचाळीस वर्षांनी: सहा महिने कैद.

केंब्रिजमध्ये ज्या गोष्टीवर कोटी झाली, तीच गोष्ट मागताना मॅरियनमध्ये एक माणूस मारला गेला. तारीख एकच.

या दोन प्रसंगांना शेजारी ठेवून "बघा, चर्चा म्हणजे निव्वळ करमणूक" असं म्हणणं सोपं आहे. मला तसं म्हणायचं नाही. पण एक गोष्ट नोंदवायला हवी. बकली ३८० मतांनी हरला आणि त्याचं काहीच बिघडलं नाही. त्याच वर्षी तो न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी उभा राहिला. वादात हरला तर त्याला एक मत बदलावं लागणार होतं, तेही त्याची इच्छा असेल तर. जॅक्सनला मात्र वादात भाग घेण्यासाठीच जीव द्यावा लागला, कारण मतदान म्हणजे तरी काय? देशाच्या चर्चेत आपलाही एक आवाज मोजला जाणं.

चर्चेचं टेबल एकच असतं, पण दोन्ही बाजूंनी टेबलावर ठेवलेली रक्कम सारखी नसते. "माझं माणूसपण चर्चेचा विषय नाही" म्हणणारा माणूस बहुतेक वेळा हेच सांगत असतो. तो वादाला घाबरलेला नसतो. तुम्ही एक मत पणाला लावलंय आणि मी स्वतःला, एवढं तो तुमच्या लक्षात आणून देत असतो.

बोलूच द्यायचं नाही

मग चर्चाच नको, असं म्हणावं का? इथे इतिहास आपल्याला थांबवतो. कारण अमेरिकेच्या इतिहासात चर्चेची सगळ्यांत जास्त भीती कुणाला वाटली, हे पाहिलं की चित्र उलटतं.

१८३६ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने एक नियम केला. गुलामगिरीविरुद्ध नागरिकांचे जे अर्ज येतील त्यांच्यावर चर्चा करायची नाही, सरळ बाजूला ठेवून द्यायचे. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स तेव्हा त्या सभागृहाचा सदस्य होता. तो वर्षानुवर्षं या नियमाशी भांडला. नियम रद्द व्हायला १८४४ चा डिसेंबर उजाडला. गुलामांच्या मालकांना लाखो माणसं, जमिनी, कायदा, बंदुका हे सगळं हाताशी असूनही कागदावरच्या अर्जांची भीती वाटत होती.

१८९२ मध्ये टेनेसीतल्या मेम्फिस शहरात तीन कृष्णवर्णीय दुकानदारांना जमावाने ठार मारलं. त्यांचं किराणा दुकान जवळच्या गोऱ्या दुकानदाराच्या धंद्यावर येत होतं. आयडा बी. वेल्स ही तरुण पत्रकार तिथे 'फ्री स्पीच' नावाचं वर्तमानपत्र चालवायची. अशा हत्यांमागे स्त्रियांच्या अब्रूचं जे कारण सांगितलं जातं ते बहुतेकदा खोटं असतं, असं तिने लिहिलं. ती गावाबाहेर असताना जमावाने तिचं कार्यालय उद्ध्वस्त केलं आणि परत आलीस तर जिवंत राहणार नाहीस, असा निरोप पोचवला. ती परतली नाही. पण लिहीत राहिली, आकडे आणि नावं गोळा करत राहिली. वर्तमानपत्राचं नावच 'मुक्त वाणी' होतं, आणि तेच आधी फोडलं गेलं.

१९६० मध्ये किंगच्या चळवळीसाठी मदत मागणारी एक जाहिरात 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये आली. तिच्यात काही बारीक चुका होत्या. किंगला किती वेळा अटक झाली तो आकडाही चुकला होता. अलाबामातल्या मॉन्टगोमेरी शहराचा पोलीस खातं सांभाळणारा आयुक्त एल. बी. सुलिव्हन याने बदनामीचा दावा ठोकला आणि स्थानिक ज्यूरीने त्याला पाच लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. असे दावे टिकले असते तर दक्षिणेत काय चाललंय हे छापणं कुणालाच परवडलं नसतं. मार्च १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने फिरवला. सरकारी अधिकाऱ्यावर टीका करताना हेतुपुरस्सर किंवा बेफिकिरीने खोटं बोलल्याचं सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही, असं ठरलं. आज अमेरिकेत पत्रकारितेला जे संरक्षण आहे, त्यातला मोठा भाग कृष्णवर्णीयांच्या चळवळीने मिळवून दिलेला आहे.

म्हणजे अन्याय करणाऱ्यांनीच आधी तोंडं बंद केली. हे जुनं झालं असंही नाही. २०२२ मध्ये फ्लोरिडा राज्याने वर्गांत आणि नोकरीच्या ठिकाणच्या प्रशिक्षणात वंशाबद्दल काय शिकवावं यावर बंधनं घालणारा कायदा केला. त्यातल्या काही भागांना न्यायालयांनी रोखलं. पण प्रवृत्ती ओळखीची आहे.

बोलतच राहायचं

चर्चा मारण्याचा दुसरा एक मार्ग आहे, आणि तो जास्त सभ्य दिसतो. चर्चा संपूच द्यायची नाही.

अमेरिकेच्या सिनेटमध्ये सदस्याला जवळजवळ हवं तितका वेळ बोलता येतं. विधेयक मतदानाला येऊच नये म्हणून बोलत राहण्याला फिलिबस्टर म्हणतात. १९५७ च्या नागरी हक्क विधेयकाविरुद्ध स्ट्रॉम थर्मंड हा सिनेटर सलग २४ तास १८ मिनिटं बोलला. १९६४ चं विधेयक आलं तेव्हा दक्षिणेतल्या सिनेटरांनी पाळ्या लावल्या आणि कामकाजाचे साठ दिवस खाल्ले. हॉटेलात, थिएटरात, नोकरीत माणसाला रंगावरून नाकारता येणार नाही, एवढं म्हणणाऱ्या विधेयकावर साठ दिवस. प्रत्येकाला आपण लोकशाहीचा पवित्र हक्क बजावतोय असं म्हणता येत होतं. नियमाप्रमाणे ते खरंही होतं.

१० जून १९६४ ला चर्चा थांबवण्यावर मतदान झालं. कॅलिफोर्नियाचा सिनेटर क्लेअर एंगल मेंदूच्या गाठीने आजारी होता. त्याला बोलता येत नव्हतं. व्हीलचेअरवरून त्याला सभागृहात आणलं. त्याचं नाव पुकारलं गेलं, शब्द फुटेना, तेव्हा त्याने हात उचलून आपल्या डोळ्याकडे बोट दाखवलं. इंग्रजीत डोळा आणि होकार यांचा उच्चार एकच, 'आय'. ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा थांबली. नागरी हक्कांच्या विधेयकावरचा फिलिबस्टर अशा मतदानाने मोडण्याची ती पहिली वेळ. २ जुलैला कायदा झाला. एंगल त्याच महिन्याच्या अखेरीस वारला.

साठ दिवस बोलणाऱ्यांपेक्षा एक शब्दही न बोललेल्या माणसाने चर्चेचा मान जास्त राखला, असं मला वाटतं. कारण चर्चा निर्णयासाठी असते. निर्णय येऊ नये म्हणून चाललेलं बोलणं हे बंद दाराला लावलेलं आणखी एक कुलूप असतं, फक्त ते शब्दांचं असतं.

आपल्याकडे "यावर सखोल चर्चा व्हायला हवी" हे वाक्य किती वेळा ऐकू येतं, आठवून पाहा. ते कोण म्हणतंय आणि आहे ती परिस्थिती तशीच राहिली तर त्याचा फायदा आहे की तोटा, एवढं तपासलं तरी बरंच कळतं.

थांबा म्हणणारे भले लोक

एप्रिल १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅममध्ये आठ गोऱ्या धर्मगुरूंनी जाहीर निवेदन काढलं. ते कट्टर वंशद्वेष्टे नव्हते. त्यांचं म्हणणं होतं की रस्त्यावरचं आंदोलन आत्ता शहाणपणाचं नाही, प्रश्न न्यायालयात आणि वाटाघाटीच्या टेबलावर सोडवावेत. मार्टिन ल्यूथर किंग तेव्हा त्याच शहराच्या तुरुंगात होता. त्याने उत्तर लिहायला घेतलं, सुरुवातीला वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडांवर.

त्या उत्तराचा गाभा असा, की वाटाघाटी हव्यात हे अगदी बरोबर आहे आणि आंदोलन त्याचसाठी आहे. ज्या समाजाने वर्षानुवर्षं बोलायला नकार दिला, त्याला बोलणं भाग पडेल इतका ताण निर्माण करणं हे अहिंसक आंदोलनाचं काम. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. आपण समजतो की एकीकडे चर्चा असते आणि दुसरीकडे संघर्ष. सुसंस्कृत माणसं पहिलं निवडतात, उतावळी दुसरं. किंग म्हणत होता की संघर्ष झाला नाही तर चर्चेचं टेबल मांडलंच जात नाही. केंब्रिजच्या सभागृहात बाल्डविनला बोलावलं गेलं, त्याच्या मागेही मॉन्टगोमेरीत बसवर बहिष्कार घालून ३८१ दिवस पायी चाललेली माणसं होतीच.

इथे मराठी वाचकाला लाहोर आठवल्याशिवाय राहणार नाही, आणि ही आठवण ओढूनताणून आणलेली नाही. या दोन लढ्यांना एकमेकांची ओळख होती. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केली. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, आणि १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या वतीने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाची प्रत मागितली.

१९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्षीय भाषणासाठी बोलावलं. मंडळ सुधारकांचं होतं, जात मोडायला निघालेलं. भाषणाचा मसुदा वाचल्यावर त्यांना काही भाग झेपेना. बदल करा म्हणाले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं. परिषदच रद्द झाली. मग बाबासाहेबांनी ते भाषण स्वतःच्या खर्चाने छापलं, पंधराशे प्रती. गांधीजींनी 'हरिजन'मध्ये त्यावर टीका केली. पुढच्याच वर्षी दुसरी आवृत्ती निघाली तेव्हा बाबासाहेबांनी गांधीजींची टीका त्याच पुस्तकात छापली आणि तिला सविस्तर उत्तर दिलं.

ज्यांनी त्यांना व्यासपीठ नाकारलं ते चर्चेचे समर्थक म्हणवत होते. आणि ज्याला व्यासपीठ नाकारलं गेलं त्याने विरोधकाला आपल्या पुस्तकात जागा दिली. खुली चर्चा म्हणजे काय, याचा मला सापडलेला सगळ्यांत चांगला नमुना हा आहे. पण तो नमुना दाखवायची जबाबदारी पुन्हा अन्याय सोसणाऱ्यावरच आली, हेही तितकंच खरं.

शत्रूचं वकीलपत्र

आता अवघड भाग. इथवरचं वाचून असं वाटू शकतं, की पीडितांना बोलू द्या आणि द्वेष पसरवणाऱ्यांना गप्प करा, की झालं. मोह होतोच. पण १९६८ चा एक खटला या मोहाच्या आड येतो.

मेरीलँड राज्यातल्या प्रिन्सेस अॅन या गावात दोन वर्षांपूर्वी गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणाऱ्या एका पक्षाने सभा घेतली होती. भाषणं उघड वंशद्वेषी होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा सभा होणार होती. स्थानिक अधिकाऱ्यांनी न्यायालयातून एकतर्फी मनाई हुकूम आणला. पक्षाला नोटीस नाही, सुनावणी नाही. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा या पक्षाच्या बाजूने एलेनॉर होम्स नॉर्टन उभी राहिली. ती ३१ वर्षांची होती, कृष्णवर्णीय होती आणि नागरी हक्क चळवळीतून आलेली होती. तिच्यासारख्यांना नागरिक न मानणाऱ्या माणसांसाठी तिने युक्तिवाद केला आणि ती जिंकली. दुसरी बाजू न ऐकता असा हुकूम देता येणार नाही, असं न्यायालयाने एकमताने म्हटलं.

हे तिने का केलं असेल, हे समजून घ्यायला बर्मिंगहॅमकडे परत जावं लागतं. किंग १९६३ मध्ये तुरुंगात गेला तो नेमका असाच हुकूम मोडून. त्याच्या मोर्चांविरुद्धही रात्रीतून, त्याला न ऐकता, एकतर्फी मनाई हुकूम काढला गेला होता. हत्यार तेच होतं. द्वेष करणाऱ्याविरुद्ध ते हत्यार कायदेशीर ठरवलं, की उद्या ते कुणाच्या हातात असेल हे आपण ठरवत नाही. आणि दक्षिणेत ते बहुतेक वेळा कुणाच्या हातात असायचं, हे नॉर्टनला चांगलं ठाऊक होतं.

खुल्या चर्चेच्या बाजूचा सगळ्यांत गाजलेला युक्तिवाद जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये केला. चुकीचं मत दाबलं तर खऱ्या मताचीही धार जाते, ते पाठ केलेल्या पाढ्यासारखं होतं, असं त्याचं म्हणणं. गंमत अशी, की हे लिहिणारा मिल ईस्ट इंडिया कंपनीत पस्तीस वर्षं नोकरीला होता आणि हे स्वातंत्र्य 'मागासलेल्या' समाजांना लागू नाही, असं त्याच पुस्तकात सांगून मोकळा झाला होता. म्हणजे चर्चेच्या महान समर्थकाने आपल्या पणजोबांना टेबलाबाहेर ठेवलं होतं. त्याचा युक्तिवाद म्हणून खोटा ठरत नाही. तो अपुरा ठरतो. मिलने चर्चेत काय बोलू द्यावं याचा विचार केला. चर्चेत कोण आहे, हा प्रश्न त्याने सुटलेला धरला. वेल्स, किंग, नॉर्टन, बाबासाहेब या सगळ्यांनी तो उरलेला अर्धा युक्तिवाद पूर्ण केला.

मग काय करायचं

तर, "दोन्ही बाजू ऐका" आणि "माझं माणूसपण चर्चेचा विषय नाही" ही वाक्यं खरं तर वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत, असं मला वाटतं.

पहिलं वाक्य कायद्याशी आणि सत्तेशी बोलताना खरं आहे. कुणाचं तोंड बंद करायचं याचा अधिकार सरकारला दिला, की पहिला फटका कुणाला बसतो हे बर्मिंगहॅमने दाखवलंय. म्हणून बकलीला बोलू द्यायचं. प्रिन्सेस अॅनच्या त्या पक्षालाही.

दुसरं वाक्य माणसाशी बोलताना खरं आहे. बकलीला बोलायचा हक्क आहे, यावरून बाल्डविनने प्रत्येक संध्याकाळी त्याच्यासमोर उभं राहिलंच पाहिजे, असं निघत नाही. तो गेला, हे त्याचं देणं होतं. देणगी मागून घ्यायची नसते, आणि ती न देणाऱ्याला भित्रा म्हणायचं नसतं. वर्गातल्या एकुलत्या एका दलित मुलीला आरक्षणावरच्या वादात "तू सांग ना तुझी बाजू" म्हणणारे आपण, किंवा ईशान्येकडून पुण्यात शिकायला आलेल्या मुलाला त्याच्या चेहऱ्याबद्दलच्या 'मजेत' विचारलेल्या प्रश्नांना हसून उत्तर द्यायला लावणारे आपण, हा फरक रोज विसरतो. त्याने गप्प राहायचं ठरवलं तर चर्चा थांबायला नको. पण मग बोलण्याचं ओझं आपल्यापैकी कुणीतरी उचलायला हवं.

आणि चर्चा मागणाऱ्याने एक उत्तर आधी द्यायला हवं. मी हरलो तर काय करणार? ज्याच्याकडे याचं उत्तर नाही, ज्याला फक्त पुढच्या तारखेला पुन्हा चर्चा हवी आहे, तो साठ दिवस बोलणाऱ्या सिनेटरांच्या रांगेत उभा आहे. बकलीला पुढे उत्तर सापडलं असं म्हणता येईल. म्हातारपणी त्याने मान्य केलं, की दक्षिणेतला भेदभाव आपोआप सुधारत जाईल असं मला वाटायचं ते चूक होतं, केंद्र सरकारचा हस्तक्षेप आवश्यकच होता. ही कबुली त्या केंब्रिजच्या संध्याकाळनंतर जवळपास चाळीस वर्षांनी आली. बाल्डविन तोवर जिवंत नव्हता.

जॅक्सनच्या मृत्यूनंतर त्याच्यासाठी काय करायचं याचा विचार करताना चळवळीतल्या लोकांना सेल्मा ते मॉन्टगोमेरी चालत जायची कल्पना सुचली. सेल्मा ज्या डॅलस काउंटीत आहे तिथे अर्ध्याहून अधिक लोकसंख्या कृष्णवर्णीय होती, आणि त्यांच्यातल्या मतदानाच्या वयाच्या जेमतेम दोन टक्के लोकांची नावं मतदारयादीत होती. ७ मार्चला सेल्माच्या पुलावर मोर्चेकऱ्यांना झोडपलं गेलं. या वेळी उजेड होता आणि कॅमेरे चालू होते. देशाने ते घरात बसून पाहिलं. ६ ऑगस्ट १९६५ ला मताधिकाराचा कायदा झाला.

मॅरियनमध्ये त्या रात्री आधी दिवे गेले आणि मग लाठ्या चालल्या, हा क्रम मला विसरता येत नाही. चर्चेचं मोल मला त्या क्रमातून कळतं. चर्चेने जॅक्सनला वाचवलं नसतं. केंब्रिजच्या ५४४ मतांतलं एकही अलाबामात मोजलं जाणार नव्हतं. पण दिवे चालू ठेवणं, कोण कुणाला काय करतंय हे दिसत राहणं आणि बोललं जाणं, एवढं काम चर्चा करू शकते. उरलेलं काम चालणाऱ्यांनी करायचं असतं, आणि चालणारे नेहमी तेच तेच असू नयेत, हे बाकीच्यांनी पाहायचं असतं.